होडीतला शब्द

शेटलंड बेटांवरच्या रास्मी कोळ्याला अर्धांगवायू झाला आणि त्याच्या तोंडी एकच शब्द उरला, "व्होलर."

बायको ओसलाने पाणी दिलं, पाइप दिला, घोंगडी पांघरली. तो मान हलवून रडायचा.

"अहो, काय हवंय ते नीट सांगा ना."

"व्होलर."

त्याची लाडकी मांजर उशाशी ओरडत बसायची. त्याला झोप लागावी म्हणून ओसलाने ती बहिणीकडे धाडली होती.

आठवड्याने रास्मी गेला. दफनाला पलीकडच्या बेटावरचा म्हातारा कोळी आला. ओसलाने त्याला तो शब्द विचारला.

"वहिनी, समुद्रावर मांजरीचं नाव घेणं अशुभ. होडीत आम्ही तिला व्होलर म्हणतो. बायकांना सांगत नाही."

ओसला कबरीवर पडणाऱ्या मातीकडे बघत राहिली.