आईचा नाइट गार्ड

आईचा नाइट गार्ड मला बाथरूमच्या कपाटात, कापसाच्या पुडक्यामागे सापडला. निळी डबी. उघडली तेव्हा शिळ्या लाळेचा कोंडलेला वास अंगावर आला. रात्री झोपताना दातांवर चढवायचं ते प्लास्टिक एके काळी पारदर्शक असणार. आता जुन्या नखासारखं पिवळं पडलं होतं, आणि खाचांमध्ये खरखरीत पांढरी पुटं धरली होती. मी डबी मिटली आणि दोनदा साबणाने हात धुतले.

तरी चार दिवसांनी तो तोंडात घातलाच.

आई गेल्यापासून मावशी सोबतीला येऊन राहिली होती. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "तुझी आई जन्मभर झोपेत दळत होती. आता तू. घरात एवढी गिरणी चालते, पण पीठ कधी मूठभर मिळालं नाही."

"मी दात खाते?"

"नुसते खातेस? पार चोथा करतेस. तिचं ते प्लास्टिकचं आहे ना, ते घाल की. जबडा तर हुबेहूब तिचाच उचललायस."

सकाळी उठताना कानशिलं जड असायची, उजवी दाढ ठणकायची, हे खरं होतं. शिवाय आईचं काहीतरी माझ्याजवळ असावं असंही वाटत होतं. साड्यांना तिच्या कपाटाचा वास येत होता, तिचा नाही.

पण किळस जाईना. ब्रशने घासला, खाण्याच्या सोड्यात भिजवला. पुटं निघाली, वास हलला नाही. शेवटी पातेल्यात पाणी खळखळ उकळलं आणि त्यात तो सोडला. वर पातळसा तवंग आला. ती माझ्या आईची लाळ होती आणि मला तिची ओकारी येत होती. स्वतःचीच शिसारी आली.

घातला तेव्हा तो उजवीकडे टेकला आणि डावीकडे अधांतरी राहिला. वाटलं, सवय होईल. अकरा दिवसांनी थंड पाण्याचा घोट घेतला आणि दाढेतून अशी कळ निघाली की पेला बेसिनमध्ये सुटला.

दातांची डॉक्टर आईचीच. तिने दाढ तपासली, मग निळ्या डबीतून गार्ड काढून उजेडात धरला.

"हा मीच केलाय. तुमच्या आईंसाठी." कड चाचपून म्हणाली, "गरम पाण्यात टाकला होता?"

"उकळत्या."

"वाकलाय. सरळ असता तरी तुमचा झाला नसता. सगळा भार एका दाढेवर आलाय, तडा गेलाय. अजून वरवरचा आहे. आज थांबलात तर वाचेल. असाच घालत राहिलात तर दाढ काढावी लागेल."

मी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "आई एवढी कोणावर चिडलेली असायची?"

"दात खाणारा प्रत्येक जण चिडलेलाच असतो असं नाही. ताण असतो, झोप मोडते, काहींना नुसती खोड लागते. आत्ता तुमचे दात कुठे आहेत?"

एकमेकांवर होते. गच्च.

"ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. दिवसा आठवेल तेव्हा तपासायचं. दुखलं की गरम शेक द्यायचा. गालाला," ती म्हणाली, "गार्डला नाही."

मला हसू आलं. मग मी विचारलं, "तिच्या दातांच्या खुणा आहेत का यावर?"

तिने अंगठा फिरवला. "इथे खोल खाचा असणार. उकळल्यावर मऊ पडल्या. त्यावर तुम्ही अकरा दिवस चावलात."

म्हणजे होतं तेवढंही मी किळसेपोटी पुसून टाकलं होतं.

नवं माप घ्यायला तिने गुलाबी लगद्याचा ट्रे तोंडात दाबला. तो घशाकडे सरकला, लाळ हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळली. पुसायला हात उचलवेना. आईही याच खुर्चीत अशीच बसली असेल, अशीच ओघळत. तिने घरी येऊन कधी सांगितलं नाही.

ट्रे निघाल्यावर डॉक्टरने जुना गार्ड चिमट्यात धरला. "टाकू, की हवाय?"

दात पुन्हा मिटले होते. मी ते सोडवले.

"टाका. डबी मात्र द्या, नवा तिच्यात राहील."

"अहो, वास येतोय तिला."

"येऊ दे," मी म्हणाले. "थंड पाण्याने धुईन."