काळी एक

पहिलं गाणं वाजवताना, चर्चसाठी पियानो बघायला आलेल्या रॉड्रिग्ज मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. चंद्रावतीला वाटलं, झालं, पियानो विकला गेला. पण मास्तरांनी दुसरं गाणं वेगळ्या पट्टीत धरलं आणि त्यांचं तोंड आंबट झालं. सूर एकमेकांना चावत होते.

"ह्यो लावलो कोणी?"

"ह्यांनीच लावलेलो."

चंद्रावतीचा नवरा सत्यवान मालवणात दशावतारी कंपन्यांच्या पायपेट्या दुरुस्त करायचा. गोव्यातल्या एका बंद घरातून हा मोडका पियानो त्याने आणला, तेव्हा धाकट्या भावाने, बाबलीने, त्याला वेड्यात काढलं होतं. नवराबायकोने मिळून वाळवी लागलेल्या फळ्या बदलल्या, नव्या तारा ओढल्या. शेवटी सत्यवानाने तो सुरात लावला आणि शिमग्याच्या तोंडावर वारला. तेव्हापासून बाबलीचं एकच पालुपद होतं, "वयनी, लाकूड बरा आसा. फोडून कपाट करूया." चंद्रावती मात्र हट्टाला पेटली होती. पियानो घराबाहेर पडेल तो पियानो म्हणूनच.

"काय चुकला, मास्तरांनू?"

"चुकला असा नाय. सत्यवानान पेटीसारखो लावल्यान, गाणाऱ्याची काळी एक धरून. त्या पट्टीत नुसतो मध आसा. पण आमच्या चर्चमध्ये सगळ्या पट्टीत वाजवचा लागता. त्याका प्रत्येक सूर जरासो कमी-जास्त ठेवूक व्हयो, तेव्हा ते एकमेकांक सांभाळून घेतत." मास्तर उठले. "असो न्हेवन माका उपयोग नाय, वयनी."

"ह्ये सूर मोडून परत लावलो तर?"

"तर न्हेतलंय. पण लावतलो कोण?"

"मी लावतलंय. तारा मीच ओढलेलंय. तुमी बसा नि सूर सांगा."

दारात उभ्या बाबलीचा चेहरा उतरला. "वयनी, दादान लावलेलो मोडतलंस?"

"काल फोडूक निघालेलंस, नि आज दादा आठवलो?" ती म्हणाली. सत्यवानाचा फोटो होता तो लग्नातला, तोही पुसट. त्याचा कान तेवढा या तारांत जसाच्या तसा राहिला होता. रोज सकाळी ती त्याची काळी एक दाबायची आणि मगच चुलीकडे वळायची.

मास्तर पुन्हा बसले. चंद्रावतीने पदर खोचला, काळी एक दाबली आणि सूर पुरता विरेपर्यंत बोट उचललं नाही. मग तिने शेजारच्या तारेच्या खुंटीला किल्ली लावली आणि पिळली.

"थोडो खाली," मास्तर हळूच म्हणाले.

तिने तो आणखी थोडा खाली आणला.