टेकूचं वीजकेंद्र

गणित सुटत नव्हतं. चोल्वेनं सौरऊर्जा वाढवून पाहिली, लोकांच्या चुलीतला कोळसा कमी करून पाहिला, गाड्या विजेवर चालवून पाहिल्या. तरी धुराची मर्यादा पाळून सगळ्या झांबियाला पुरेल एवढी वीज काही निघेना. निघणार कुठून? देशाची बहुतेक वीज देणारं करिबाचं धरण दुष्काळानं तळाला गेलेलं. कॉम्प्युटरमधलं मॉडेल पाऊस पाडत नाही, हे तिला कळत होतं. पण हा आराखडा मागवणाऱ्या लुसाकातल्या मंत्रालयाला कोण सांगणार?

आणि तरी पडद्यावर धुराची रेघ कशी सुबक खाली उतरत होती, कारण मॉडेलमध्ये टेकू होता.

टेकू हे तिनंच ठेवलेलं नाव. गणित अडून पडू नये म्हणून हे काम करणारे लोक त्यात एक नसलेलं वीजकेंद्र घालून ठेवतात. धूर शून्य, वीज हवी तेवढी, किंमत मात्र अशी भयंकर की दुसरी कुठलीही वाट असेपर्यंत गणितानं तिकडे फिरकू नये. फिरकलंच, तर समजायचं की वाट नाही. इथे तर गणित फिरकायला म्हणून गेलं आणि मुक्कामच ठोकून बसलं होतं.

“सर, टेकू काढला की सगळं कोसळतं,” ती मुबितासरांना, तिच्या विद्यापीठातल्या विभागप्रमुखांना, म्हणाली. “वाट नाही, हेच खरं उत्तर आहे. तेच सांगू या ना.”

“आणि विभागाला कुलूप लावून आपण दोघं बाजारात टोमॅटो विकू या,” सर म्हणाले. “अनुदान वाट दाखवायला मिळतं, बाई, वाट नाही म्हणायला नाही. त्या टेकूला ‘नवे तंत्रज्ञान’ म्हण. निघेलच पुढे काहीतरी.”

तिनं तसं लिहिलं. लिहिताना तिला स्वतःची किळस आली, पण लिहिलं.

मंत्रालयातल्या बैठकीत उपसचिव कालुम्बाबाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “हे नवे तंत्रज्ञान कुठल्या जिल्ह्यात येणार?”

कुठेच नाही, मॅडम. शब्द चोल्वेच्या जिभेवर होते. तेवढ्यात सर बोलून गेले, “ग्वेम्बे खोऱ्यात. आमच्या चोल्वेच्या गावाकडे. धरणासाठी उठवलेल्या लोकांना अजून वीज नाही, त्यांनाही न्याय मिळेल.”

टाळ्या पडल्या. आत्ता बोलावं तर सरांची अब्रू जाते, मागाहून सांगू, असं चोल्वेनं मनाला समजावलं. मागाहून सांगायचं म्हटलेलं कधी कुणी सांगितलंय?

खोऱ्याला वीज द्यायला सरकारला दोन पिढ्या पुरल्या नव्हत्या. खुंट्या ठोकायला मात्र पेरणीपर्यंतचाही वेळ लागला नाही.

“चोल्वे, अगं वीज येतेय!” फोनवर आई अक्षरशः ओरडत होती. “लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकून गेले. मुखिया म्हणाला, त्यांच्या आत पेरायचं नाही.”

“आपलं शेत किती गेलं आत?”

“सगळंच! जाऊ दे. आम्हाला उठवलं तेव्हा मी एवढीशी होते. म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, वीज मागून येतेय. तुझी आजी वाट बघून बघून मेली. मी नाही मरायची.”

चोल्वे फोन घेऊन बाहेर जिन्यात आली.

“आई, नीट ऐक. तिथे काही येणार नाही. असं केंद्र जगात नाही. ते मी गणितात घातलेलं खोटं आहे. आत्ताच्या आत्ता खुंट्या उपट आणि ज्वारी पेर.”



“लुसाकात राहून तूसुद्धा त्यांच्यासारखीच झालीस,” आई म्हणाली. “आमच्या घरी दिवा लागायचा म्हटला की पोटात का दुखतं गं तुमच्या? खुंट्या उपटल्या की वीज दुसऱ्या गावाला देतील, एवढं मला अडाणीलाही कळतं.”

“आई, पाया पडते तुझ्या. या हंगामाला नाही पेरलंस तर खाशील काय? मी येते उद्या, मी पेरते—”

“काय पेरतेस? बी कालच विकलं मी,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. “त्याचे बल्ब आणलेत. एक तुझ्या खोलीत टांगलाय. आलीस की बघ.”