साबण लावलेलं तोंड

सुट्टी लागली त्या दिवशी सरांनी भिंगरीच्या बाबांना शाळेत थांबवून घेतलं. "पोरगी हुशार आहे, पण वाच म्हटलं की दातखीळ बसते. सुट्टीत रोज वाचून घ्या. नाहीतर शाळा उघडल्यावर तिला पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल."

बाबांचं सलून, म्हणजे सकाळपासून हात साबणात. आई दिवसभर दवाखान्याच्या लाँड्रीत. वाचून घेणार कोण? शेवटी भिंगरी बाबांबरोबर दुकानात येऊ लागली आणि बाकावर बसून पाय हलवण्याचं काम मन लावून करू लागली.

घरी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. पण ती जरा अडखळली की उतावळ्या बाबांच्या तोंडून तिच्याआधी तो शब्द निसटलाच म्हणून समजा. मग ती पुस्तक मिटून टाकायची. शाळेत सरांचंही तेच चालायचं.

उपाय सापडला तो चुकून. एका टेम्पोवाल्याच्या तोंडाला साबण लागला आणि मांडीवरचा पेपर अर्धवट राहिला. त्याने खुणेनेच तो भिंगरीकडे सरकवला. बाबांच्या दुकानात कायदा एकच: वस्तरा गालावर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही, गिऱ्हाइकानं नाही आणि बाबांनीही नाही. भिंगरी अडखळली. सगळे गप्प. टेम्पोवाला आरशातून डोळे मोठे करून बघत राहिला, कारण पुढे काय झालं ते त्याला खरंच ऐकायचं होतं. तिने शब्द पुन्हा फोडला, जोडला आणि पुढे गेली.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला साबण लागला की पेपर भिंगरीच्या हातात. काही जण तर दाढी वाढायच्या आतच येऊन बसू लागले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी खुर्चीत येऊन बसले ते खुद्द सर. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. बाबांनी ब्रश उचलला आणि सरांना पार नाकापर्यंत साबण फासला.

"वाच गं," ते म्हणाले आणि वस्तरा हातात घेतला.

बातमी पुलाची होती. दोन ओळी सुरळीत गेल्या आणि तिसरीत गाडी अडली. सरांचे ओठ सवयीने हलले. बाबांनी वस्तरा त्यांच्या हनुवटीखाली टेकवला आणि तिथेच ठेवला. सर जागच्या जागी थिजले.

"पु... पुन... पुनर्बांधणी," भिंगरी म्हणाली आणि कुणाकडे न बघता पुढच्या ओळीवर गेली.

बाबांनी श्वास सोडला. त्यांनी सरांच्या हनुवटीखालचा वस्तरा घाईने बाजूला ठेवला. सुट्टीभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. त्यांना एकदम हसूच येऊ लागलं.

दाढी उरकली, चेहरा पुसून झाला, तरी सर उठेनात.

"उद्या पुढच्या वर्गात बस," ते भिंगरीला म्हणाले. मग बाबांकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "अजून एकदा साबण लावा. बातमी संपायची आहे आणि माझं तोंड मला आवरत नाही."