आधीपासूनचा आजार

पेन्सिलीचं टोक जरासं तुटलेलं होतं, वहीवर टेकवलं की प्रत्येक रेघेशेजारी दुसरी पुसट रेघ उमटत होती — बदलावी का, पण बदलायला वेळ कुठे, आरोग्यमंत्री उभे राहिलेच होते, आणि सभागृहातल्या लघुलेखिकेने आपल्या दहा मिनिटांच्या पाळीत मान वर करायची नसते. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. कानात शिरलेलं हातातून बाहेर. मध्ये डोकं नाही.

आज मात्र डोकं मध्ये येत होतं.

आरोग्य विमा सुधारणा विधेयक, कलम नऊ. आधीपासून आजार असला तरी कंपनीला विमा नाकारता येणार नाही, नाकारलेले जुने दावेही पुन्हा उघडावे लागतील... मंत्री सावकाश वाचत होते. लवकर वाचा ना हो, ताई तिकडे वॉर्डात पडून आहे. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, ती ताई. महिन्यापूर्वी कंपनीचं पत्र आलं — माहिती लपवल्यामुळे दावा नामंजूर. लपवली होतीच. दोन वर्षांपूर्वी अर्ज भरताना 'पूर्वीचा काही आजार?' या रकान्याशी हात अडला, तेव्हा ताईच म्हणाली होती, "नाही लिही गं. मला काय धाड भरलीय?" तिच्या पायांवर सूज होती, मूत्रपिंडाचा रिपोर्ट माझ्याच पर्समध्ये होता, आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, नाही. खरं लिहिलं असतं तर विमा मिळाला नसता. खोटं लिहिलं म्हणून उपचार मिळत नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

विरोधी बाकावरचे एक वयस्कर सदस्य उठले. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची तहान इतरांनी का भागवायची, असं त्यांनी विचारलं. प्रामाणिकपणे वर्षानुवर्षं हप्ते भरणाऱ्यांनी काय पाप केलंय? आणि मग, आवाज जरा चढवून, "आजार लपवून विमा घेणारा चोरच असतो, अध्यक्ष महाराज."

लघुलिपीत 'चोर' लिहायला एक इवलीशी खूण पुरते. तिने ती केली.

पाळी संपल्यावर ती वरच्या खोलीत टंकायला बसली. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, डायलिसिस पुढे चालू ठेवायचं की नाही ते परवापर्यंत सांगा — जणू ते तिच्यावर होतं... तेवढ्यात ते सदस्य स्वतःच भाषण तपासायला आले. जिना चढून धाप लागली होती. तिने पुढे केलेल्या खुर्चीत बसून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"बाई, हा 'चोर' शब्द जरा जास्तच झाला का हो? काढता येईल?"

मीच ती, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. जिभेवर आलं भलतंच.

"राहू द्या, साहेब. बरोबर आहे तो."

ते खूश झाले. "तुम्हालाही पटतं ना? तुमच्यासारख्या साध्या नोकरदार माणसांना पटतं, हेच आमचे लोक समजून घेत नाहीत." सही करून, खाली उतरताना कठड्याला धरत, ते गेले.

दुपारी विधेयक समितीकडे गेलं. मतदान पुढच्या अधिवेशनात. बाहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून तिने फोन लावला.

"झालं का गं?"

"समितीकडे गेलं, ताई. आता पुढच्या अधिवेशनात."

पलीकडे कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. "बरं," ताई म्हणाली. "येताना कंगवा आण. इथला कुणीतरी नेला."

आता रडू येईल म्हणून ती थांबली. रडू आलं नाही. छातीतलं काहीतरी मात्र सैल झालं, महिनाभर आवळलेली मूठ उघडावी तसं — आता बातम्या ऐकायला नकोत, कलम नऊची वाट बघायला नको, आशा धरायला नको... सुटले. सुटले? कोण सुटलं? ताई तर तिथेच होती, सुईला जोडलेली, केस विस्कटलेली. मग हे हलकं हलकं वाटणं कुणाचं, आणि ते कधीपासून माझ्या आत दबा धरून बसलं होतं?

हॉस्पिटलकडे जाणारी बस आली, दार उघडलं. ती चढली नाही. लहानपणापासून ताईला तिचा चेहरा वाचता येत होता, आणि आज पहिल्यांदाच तिला ताईची भीती वाटत होती.