काळ्या डागांचं दुपटं

मित्रांनो, मी एक जुनं दुपटं आहे, निजामाच्या अमलातलं, कळमनुरीकडच्या एका खेड्यातलं. नाक मुरडू नका! तान्ह्या लेकराला नवं कापड घालायचं नाही, शेजारचं धुऊन धुऊन मऊ झालेलं मागून आणायचं, अशी आमच्याकडची रीत. म्हणून शेजारच्या खुर्शीदबीनं आपली जुनी ओढणी दिली आणि मनकर्णानं होणाऱ्या बाळासाठी मला शिवलं. पुढं मनकर्णाला दूध पुरेना, तेव्हा खुर्शीदबीच रोज बकरीचं दूध धाडायची.

माझं कोडकौतुक चार दिवसांचंच. लेकरू मला ओलं करायचं आणि तो डाग काळा पडायचा! राखेच्या पाण्यात धुतलं, तर आणखीच काळा. मनकर्णाची सासू गोजरबाई, म्हणजे तिची सख्खी आत्याच. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"खुर्शीदच्या ह्या कापडातच करणी हाय! तिच्या बकरीचं दूध बी बंद करा."

मला खुंटीवर टांगलं. खरं सांगू? तिथं मला माझाच संशय यायला लागला. माझ्याच घडीत काही वाईट शिवलं गेलं असेल का? इकडं लेकरू नुसत्या पेजेवर वाळत चाललं. मनकर्णा रडायची, पण सासूपुढं बोलायची तिची छाती होईना.

शेवटी गोजरबाईनं लेकराला हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याची लघवी तपासली. म्हणाले, "रक्त नाही, एवढं खरं. नवराबायको नात्यातले ना? घराण्यातून आलेलं काही असेल, नसेलही. मला सांगता येत नाही. दूध मात्र द्या."

"आता आमच्या घराण्यावरच उलटला!" गोजरबाई तणतणत परतली. दूध बंदच राहिलं.

मग एका दुपारी लेकरानं गोजरबाईच्याच मांडीवर धार सोडली. लुगडं तिचं स्वतःचं. तिनं ते राखेच्या पाण्यात बुडवलं आणि डोळ्यांदेखत काळा डाग उमटला. ना ओढणी, ना बकरी!

बाईनं मला खुंटीवरून काढलं, लेकराला माझ्यातच गुंडाळलं आणि खुर्शीदबीचं दार गाठलं.

"कोन्त्या तोंडानं दूध मागू, खुर्शीद?"

खुर्शीदबीनं फळीवरचं झाकलेलं भांडं खाली घेतलं. "लेकराच्या वाटचं रोज बराबर काढून ठेवते, आक्का. आज तरी कोनी येईल म्हून."

गोजरबाईच्या डोळ्यांना धार लागली. लेकरू तिथंच पोटभर प्यालं.

डाग का पडतात, ते कुणालाच कळलं नाही. माझ्यावरचेही गेले नाहीत. मित्रांनो, जे कळत नाही त्याला 'कळत नाही' म्हणा. त्यापायी लेकराच्या तोंडचं दूध तेवढं तोडू नका.