जनरलसाहेबांच्या खुर्चीतली वाकळ

मी एक जुनी, आखूड वाकळ आहे. मला पांघरलं तर पाय उघडे राहतात, म्हणून सगळे माझ्यावर नुसते बसतात. १९७० साली कुंडल गावी हरणाबाईंनी मला शिवलं. वर त्यांचं हिरवं लुगडं, आत त्यांच्या हवालदार मालकांचे विरलेले खाकी सदरे. मुलगा लालासाहेब फौजेत मोठा अधिकारी. त्याला थंडीत बसायला ऊब हवी, म्हणून हा खटाटोप.

"तोफखान्यात हाय माझा लाला," त्या सगळ्यांना सांगत. "तोफा लांबनं उडवत्यात. फुडं जायाचं काम न्हाई."

मित्रांनो, हे अर्धंच खरं होतं. लालासाहेब तोफखान्यातले, पण ते दोन माणसांचं छोटं विमान उडवत. शत्रूवर घिरट्या घालायच्या, आपला गोळा कुठे पडतो ते बघायचं आणि रेडिओवरून तोफांना कळवायचं. घरात हे फक्त त्यांच्या बायकोला, विजयमालेला ठाऊक होतं. "आईंना सांगा हो," ती म्हणे. ते म्हणत, "विमानाचा आवाज आला तरी ती नातवंडांना आत ओढते. तिला काय सांगू?"

मी विमानाच्या सीटवर असे. तिथे मला क्षणभर स्वस्थता नव्हती. सगळं अंग थरथरायचं. लालासाहेबांची मांडी ताठ झाली की समजायचं, खाली काहीतरी दिसलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात खालून गोळी आली. विमानाचा तळ फोडून, माझा कोपरा जाळून, त्यांच्या मांडीला चाटून वर निघून गेली. त्यांनी विमान वळवलं नाही. तोफांना सांगायचं ते सांगून मगच परतले.

सुट्टीत त्यांनी मला ठिगळ लावायला घरी आणलं. "उंदरानं कुरतडली गं, आये," म्हणाले. इथेच ते चुकले. शिवणाऱ्या बाईला भोक दाखवून थाप मारायची?

हरणाबाईंनी मला उजेडात धरलं. भोकातून बोट घालून बघितलं.

"उंदराच्या दातानं कड करपती व्हय रं?"

लालासाहेब मला परत ओढू लागले.

"खालनं वर गेलीया ही. तू हिच्यावर बसला व्हतास. भुईवर बसल्या माणसाला खालनं गोळी कशी लागंल?" त्या सुनेकडे वळल्या. "तू तरी बोल गं."

"विमान उडवतात, आई," विजयमाला हळूच म्हणाली.

मला वाटलं, आता रडारड. पण हरणाबाई सुईत दोरा ओवत राहिल्या. तो काही ओवला जाईना.

"तोफांपायी देव पाण्यात घातलं मी. आन् तू आभाळात! चुकीच्या जागंला भ्याले की रं!"

"उडायचं सोडू का आता?"

"सोड म्हणलं तर सोडशील?"

"न्हाई."

"मग इचारतोस कशाला, मुडद्या? खरं सांगून जात जा. बास."

पुढे लालासाहेबांना पदक मिळालं, बढत्या मिळाल्या. १९७९ साली ते जनरल झाले. साताऱ्यात सत्कार झाला. शेजारची तानुबाई म्हणाली, "हरणे, आता गाढ झोप. पोरगं खुर्चीत बसलं."

"कसली झोप! आता दुसऱ्यांची पोरं वर धाडणार त्यो. तेंच्या आया न्हाईत व्हय?"

मीही त्यांच्या ऑफिसच्या खुर्चीत आले. खुर्ची थरथरत नव्हती, साहेब थरथरत. एखाद्या विमानाला परतायला उशीर झाला की त्यांची टाच जमिनीवर ठोकत राही.

एकदा नवा वैमानिक हजर झाला. कॅप्टन सयाजी, फलटणचा.

साहेबांनी विचारलं, "घरी काय सांगितलंयस?"

"तोफखान्यात आहे म्हणून, सर. आई फार भित्री आहे."

साहेब हसले नाहीत. "ती भीतच असते रे. कशाला भ्यायचं, एवढंच तिला ठाऊक नसतं. आधी फलटणला जा. सांग. मग उड."

"नको म्हणाली तर, सर?"

"म्हणेलच. ऐकून घे."

सयाजी गेला आणि आईचा निरोप घेऊन परतला: "तुज्या सायबाला म्हणावं, ध्यान ठेव."

मित्रांनो, मला कधीमधी ऊन दाखवा, झटका, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. झाडावर चढणार असाल, विहिरीत पोहायला जाणार असाल, तर घरी 'अभ्यासाला चाललो' म्हणू नका. आई ओरडेल. ओरडू दे. निदान विहिरीकडे तोंड करून तरी उभी राहील.